दुसरी केबल रिकामी का?

प्रसंग तुमच्या ओळखीचा आहे. रात्रीचे दहा वाजलेत, मेस आटोपली आहे, उद्या सबमिशन आहे आणि निम्मं होस्टेल एकाच वेळी नेटवर बसलंय. पान उघडता उघडत नाही. कोणीतरी जिन्यावरून ओरडतं, "नेट गेलं का रे?" रेक्टर सर संगणक केंद्रात फोन लावतात. तिकडून उत्तर येतं, "होस्टेलला दोन केबल दिल्यात. एक गेली तरी दुसरी आहे. नेट जाणारच नाही."

नेट गेलेलं नसतंच. ते एकाच केबलमध्ये अडकलेलं असतं. दुसरी केबल नीट लावलेली असते, तिच्या पोर्टचा दिवाही पेटलेला असतो, पण तिच्यातून आपल्या कामाचं एकही पॅकेट जात नाही. मेसमध्ये दोन खिडक्या असाव्यात, एकीसमोर जिन्यापर्यंत रांग असावी आणि दुसरीच्या मागे वाढपी नुसता उभा असावा, तसलाच हा प्रकार.

ही दुसरी केबल कामाला कशी लावायची ते या लेखात पाहू. विषय नेटवर्क्सच्या पेपरात येतो, व्हायवात हमखास येतो आणि नोकरीत पहिल्या सहा महिन्यांतच येतो. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवतो. भाराची वाटणी आपण केली नाही, तर स्विच आपल्या मनाने करतो. आणि कुठल्या खोलीत सबमिशन चाललंय, हे स्विचला माहीत नसतं.

आधी नकाशा

समजा, संगणक केंद्रात दोन मोठे स्विच आहेत. त्यांना क आणि ख म्हणू. होस्टेलच्या जिन्याखालच्या पेटीत तिसरा स्विच आहे, तो ग. ग पासून क ला एक केबल, ग पासून ख ला एक केबल, आणि क व ख एकमेकांना जोडलेले. झाला त्रिकोण. प्रत्येक केबल एक गिगाबिटची. क आणि ख या दोघांपासून बाहेर इंटरनेटच्या राउटरकडे एकेक केबल जाते.

होस्टेलमध्ये चार व्हीलॅन आहेत. व्हीलॅन १० म्हणजे ए ब्लॉकच्या खोल्या, २० म्हणजे बी ब्लॉकच्या, ३० म्हणजे वाचनालय आणि कॉम्प्युटर रूम, ४० म्हणजे रेक्टर ऑफिस आणि कॅमेरे. व्हीलॅन म्हणजे एकाच स्विचमध्ये आखलेले वेगवेगळे वाडे. एका वाड्यातला ब्रॉडकास्ट दुसऱ्या वाड्यात ऐकू जात नाही. स्विचमधल्या केबलवरून चारही वाड्यांची फ्रेम एकत्र जाते, तेव्हा ती कोणत्या वाड्याची हे कळावं म्हणून तिला चार बाइटची चिठ्ठी डकवतात. हाच ८०२.१क्यू टॅग. आयईईईने हे मानक १९९८ मध्ये काढलं. टॅगमध्ये व्हीलॅनच्या क्रमांकासाठी १२ बिट आहेत, म्हणून ४०९६ क्रमांक होतात. पहिला आणि शेवटचा राखीव धरला की वापरायला ४०९४ उरतात. अशी अनेक व्हीलॅन वाहणारी जोडणी म्हणजे ट्रंक.

हा नकाशा वहीत काढून ठेवा. पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

दुसरी केबल बंद कोण करतं?

त्रिकोणात एक धोका लपलेला आहे. क ने एक ब्रॉडकास्ट फ्रेम सोडली. ती ख कडे गेली, ख ने ग कडे पाठवली, ग ने पुन्हा क कडे. क ला ती नवीनच वाटते, म्हणून तो परत पाठवतो. आयपी पॅकेटमध्ये टीटीएल नावाचा आकडा असतो. तो प्रत्येक राउटरवर एकेक कमी होतो आणि शून्य झाला की पॅकेट मरतं. इथरनेटच्या फ्रेममध्ये असं काहीच नाही. त्यामुळे ती फ्रेम फिरतच राहते, दोन्ही दिशांनी फिरते आणि मागून येणाऱ्या फ्रेमही तिच्यात मिसळतात. काही क्षणांत तिन्ही केबल भरतात. यालाच ब्रॉडकास्ट स्टॉर्म म्हणतात.

यावरचा उपाय रेडिया पर्लमन यांनी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये असताना शोधला आणि १९८५ मध्ये प्रसिद्ध केला. तोच स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल. १९९० मध्ये तो ८०२.१डी या मानकात आला. कल्पना साधी आहे. स्विच एकमेकांना बीपीडीयू नावाचे छोटे निरोप पाठवतात, आपल्यातला एक मुखिया निवडतात आणि त्याच्यापर्यंत जाणारी प्रत्येकाची एकच जवळची वाट ठेवतात. बाकीच्या वाटांवरचं एक टोक बंद. जाळ्याचं झाड होतं, आणि झाडात वर्तुळ नसतं.

म्हणजे दुसरी केबल बंद ठेवणारा हा प्रोटोकॉल आपला शत्रू नव्हे. तो नसता तर पहिलीही चालली नसती. त्याला बाजूला न सारता त्याच्याकडून काम करून घ्यायचं आहे.

मुखिया कोण झाला?

मुखियाला रूट ब्रिज म्हणतात. निवडणूक ब्रिज आयडीवर होते. आधी प्रायॉरिटी पाहतात, ती सारखी असेल तर मॅक पत्ता. दोन्हीत लहान आकडा जिंकतो. प्रायॉरिटी सगळ्यांची मुळात ३२७६८ असते. म्हणजे कोणीच काही केलं नाही, तर निकाल मॅक पत्त्यावर लागतो.

आता गंमत बघा. एकाच कंपनीचे स्विच असतील तर जुन्या स्विचचा मॅक पत्ता बहुतेक वेळा लहान असतो. आपल्या नकाशात सगळ्यात जुना स्विच कुठला? जिन्याखालचा ग! तो मुखिया झाला की क ची जवळची वाट सरळ ग कडे, ख चीही सरळ ग कडे, आणि बंद पडते ती क आणि ख मधली केबल. म्हणजे संगणक केंद्रात शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन स्विचचं बोलणं होस्टेलच्या जिन्याखालून फिरून येतं. पेटीतला पंखा बंद पडला किंवा कोणी इस्त्री लावून फ्यूज उडवला, की हिसका संगणक केंद्राला.

म्हणून नियम पहिला: मुखिया आपण नेमायचा, नशिबावर सोडायचा नाही.

व्हीलॅनवार वाटणी

सगळ्या व्हीलॅनसाठी मिळून एकच झाड असेल तर बंद केबल सगळ्यांसाठीच बंद. पण प्रत्येक व्हीलॅनचं झाड वेगळं ठेवता आलं तर? सिस्कोच्या स्विचमध्ये ही सोय आहे, तिला पीव्हीएसटी म्हणतात. मग व्हीलॅन १० आणि ३० चा मुखिया क, आणि २० आणि ४० चा मुखिया ख असं नेमता येतं. पहिल्या दोघांसाठी ग ते ख ही केबल बंद राहते, दुसऱ्या दोघांसाठी ग ते क ही. प्रत्येक व्हीलॅनला वाट एकच, त्यामुळे लूप नाही. आणि तरी दोन्ही केबल कामात.

आज्ञा अशा आहेत. टाइप इंग्रजीत करायच्या, इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत.

क वर:
स्पॅनिंग-ट्री मोड रॅपिड-पीव्हीएसटी
स्पॅनिंग-ट्री व्हीलॅन १०,३० प्रायॉरिटी २४५७६
स्पॅनिंग-ट्री व्हीलॅन २०,४० प्रायॉरिटी २८६७२

ख वर:
स्पॅनिंग-ट्री मोड रॅपिड-पीव्हीएसटी
स्पॅनिंग-ट्री व्हीलॅन २०,४० प्रायॉरिटी २४५७६
स्पॅनिंग-ट्री व्हीलॅन १०,३० प्रायॉरिटी २८६७२

ग वर फक्त पहिली ओळ, प्रायॉरिटीला हात लावायचा नाही. ३२७६८ ला तो आपोआप तिसरा राहतो.

हे विचित्र आकडे कुठून आले? प्रायॉरिटी ४०९६ च्या पटीतच देता येते. १६ बिटांतले वरचे चारच प्रायॉरिटीसाठी आहेत, उरलेल्या १२ मध्ये व्हीलॅनचा क्रमांक बसतो. म्हणून पडद्यावर व्हीलॅन १० साठी २४५८६ दिसेल, म्हणजे २४५७६ अधिक १०. पाहून गोंधळू नका. रूट प्रायमरी अशी सोपी आज्ञाही आहे, पण ती टाकताना जो हिशोब होतो तेवढाच. उद्या कोणी आणखी लहान आकड्याचा स्विच जोडला तर ती पुन्हा हिशोब करत नाही. आकडा स्वतः लिहिलेला बरा.

रॅपिड हा शब्दही विसरू नका. जुन्या स्पॅनिंग ट्रीला वाट बदलायला ३० ते ५० सेकंद लागतात. ऑनलाइन परीक्षेत ते युगासारखे वाटतात. २००१ च्या ८०२.१डब्ल्यू मानकाने आणलेल्या रॅपिड प्रकारात साध्या बिघाडात हे काम सहसा एखाद-दोन सेकंदांत उरकतं.

वेगवेगळ्या कंपन्यांचे स्विच असतील तर पीव्हीएसटीवर विसंबू नये. त्यासाठी एमएसटीपी आहे, मूळ मानक ८०२.१एस, साल २००२. त्यात झाडं दोनच ठेवायची: पहिल्यात व्हीलॅन १० आणि ३०, दुसऱ्यात २० आणि ४०. अट एवढीच की रीजनचं नाव, रिव्हिजन क्रमांक आणि व्हीलॅनची यादी तिन्ही स्विचवर तंतोतंत सारखी हवी. एका अक्षराची चूक झाली तरी स्विच एकमेकांना परके समजतात.

वाटणी कशी करायची? पुष्कळ जण सम-विषम करतात. आपले चारही क्रमांक समच आहेत, मग काय करणार? वाटणी क्रमांकावर करायचीच नसते, मोजलेल्या भारावर करायची असते. समजा, रात्री दहाला डाउनलोडचा भार असा मोजला: व्हीलॅन १० वर ४२० मेगाबिट, २० वर ३५०, ३० वर ६० आणि ४० वर ९०. मग १० आणि ३० मिळून ४८०, २० आणि ४० मिळून ४४०. बऱ्यापैकी समतोल. अपलोडचा हिशोब वेगळा मांडा, कारण केबल दोन्ही दिशांनी स्वतंत्रपणे वाहते आणि कॅमेऱ्यांचा भार उलट दिशेचा असतो.

गेटवेची वाटणी

इथवर येऊन बरेच जण थांबतात आणि फसतात. खोलीतला कॉम्प्युटर आपल्या व्हीलॅनच्या बाहेर जाताना गेटवेकडे पॅकेट देतो. गेटवेचं काम क आणि ख दोघंही करू शकतात, पण कॉम्प्युटरमध्ये पत्ता एकच टाकता येतो. म्हणून दोघांत मिळून एक आभासी पत्ता ठेवतात. एक जण तो सांभाळतो, दुसरा तयारीत उभा असतो. सिस्कोत याला एचएसआरपी म्हणतात. सगळ्या कंपन्यांना चालणारा प्रकार म्हणजे व्हीआरआरपी. दोन्हींचे दस्तऐवज १९९८ सालचे.

व्हीलॅन १० साठी क वर:
इंटरफेस व्हीलॅन १०
आयपी ॲड्रेस १०.१०.१०.२ २५५.२५५.२५५.०
स्टँडबाय १० आयपी १०.१०.१०.१
स्टँडबाय १० प्रायॉरिटी ११०
स्टँडबाय १० प्रीएम्प्ट

ख वर पत्ता १०.१०.१०.३, आभासी पत्ता तोच, प्रायॉरिटी मुळातली १०० आणि प्रीएम्प्ट. व्हीलॅन ३० ला हेच. २० आणि ४० ला उलट, तिथे ११० ख वर. विद्यार्थ्यांच्या कॉम्प्युटरमध्ये गेटवे म्हणून १०.१०.१०.१ एवढंच जातं, क आणि ख चं राजकारण त्यांना कळतही नाही.

व्हायवासाठी एक खूणगाठ: स्पॅनिंग ट्रीत लहान आकडा जिंकतो, एचएसआरपीत मोठा. अर्धा वर्ग इथे आडवा होतो.

नियम दुसरा: ज्या व्हीलॅनचा मुखिया जो, त्याचा गेटवेही तोच. समजा, व्हीलॅन १० चा मुखिया क आहे आणि गेटवे मात्र चुकून ख झाला. मग खोलीतलं पॅकेट ग कडून क कडे जाणार, कारण ग ते ख वाट या व्हीलॅनला बंद आहे. आणि क कडून मधल्या केबलने ख कडे. सगळं चालतं, कुठेही लाल दिवा लागत नाही, म्हणून चूक महिनोन् महिने सापडत नाही. फक्त मधली केबल विनाकारण भरते आणि नेट मंद आहे अशी कुरकुर चालू राहते.

परतीच्या वाटेचाही विचार करा. एचएसआरपी फक्त खोलीतून बाहेर जाणाऱ्या पॅकेटचं ठरवतो. बाहेरून येणारं पॅकेट क कडे द्यायचं की ख कडे, हे वरच्या राउटरच्या रूट टेबलवर अवलंबून असतं. तिथेही १०.१०.१० आणि १०.१०.३० या जाळ्यांसाठी क ला पसंती आणि बाकी दोन्हींसाठी ख ला पसंती द्या. आपला सगळा भार डाउनलोडचा, म्हणजे येणाराच असतो.

एक छुपा खड्डाही सांगतो. क चालू आहे, पण त्याची राउटरकडे जाणारी केबल तुटली. एचएसआरपीला त्याची खबर नसते, क गेटवे म्हणून मिरवतच राहतो. म्हणून ट्रॅकिंग लावतात: ती केबल पडली की क ची प्रायॉरिटी कमी व्हावी. मुळात ती १० ने कमी होते. ११० मधून १० गेले की १००, आणि ख ही १००! बरोबरी झाली. प्रीएम्प्ट करणाऱ्याचा आकडा मोठाच लागतो, त्यामुळे ख जागचा हलत नाही. कपात २० ठेवा, म्हणजे क ९० वर येतो आणि ख सूत्रं घेतो.

दोन केबलची मोळी

ए ब्लॉकमधला बी ब्लॉकमधल्या मित्राला फाइल पाठवतो तेव्हा पॅकेट ग कडून क कडे जातं, क ते व्हीलॅन २० मध्ये सोडतो आणि ते मधल्या केबलने ख वरून ग ला येतं. मित्र जिन्यापलीकडे राहतो, पण पॅकेट संगणक केंद्र फिरून येतं. म्हणून मधली जोडणी भक्कम हवी. तिथे दोन केबल टाकून त्यांची एक मोळी बांधतात. स्पॅनिंग ट्रीला ती एकच केबल दिसते, त्यामुळे बंद काही पडत नाही. ही मोळी बांधण्याची बोलणी एलएसीपी करतो. मानक ८०२.३एडी, साल २०००. २००८ मध्ये ते ८०२.१एएक्स या नावाखाली गेलं. दोन्ही टोकांना पॅसिव्ह ठेवलं तर दोघंही "आधी आप" म्हणत बसतात आणि मोळी बनतच नाही. निदान एक टोक ॲक्टिव्ह हवं. ऑन नावाचा प्रकार बोलणी न करता मोळी बांधतो. एका टोकाला ऑन आणि दुसऱ्याला साधे पोर्ट असं झालं तर लूपची भीती, म्हणून तो टाळावा.

आता सगळ्यात मोठा गैरसमज. एक अधिक एक गिगाबिटची मोळी बांधली की एक फाइल दोन गिगाबिटने जाईल का? नाही. स्विच पॅकेट आलटून पालटून वाटत नाही. मेसमध्ये एका खिडकीवर भात आणि दुसरीवर आमटी दिली तर ताटाचा क्रम बिघडेल, तसंच इथे. दोन केबलवर विभागलेली पॅकेट मागेपुढे पोचतात. घेणारा टीसीपी तीच पोच पुन्हा पुन्हा पाठवतो. अशा तीन जादा पोच आल्या की पाठवणाऱ्याला पॅकेट हरवल्यासारखं वाटतं आणि तो वेग साधारण निम्म्यावर आणतो. म्हणून एका संवादाची सगळी पॅकेट एकाच केबलने जातात. संवाद कोणत्या केबलला द्यायचा, हे पत्त्यांच्या गणितावर ठरतं.

गणित वहीत करून बघा. पाठवणारा आणि घेणारा यांच्या पत्त्यांचा एक्सऑर घ्यायचा. दोन केबल असतील तर शेवटचा एक बिट पाहायचा. सर्व्हरच्या पत्त्याचा शेवट २० आहे, म्हणजे १०१००. कॉम्प्युटर ११ म्हणजे ०१०११. एक्सऑर १११११, शेवटचा बिट १, दुसरी केबल. कॉम्प्युटर १२ म्हणजे ०११००. एक्सऑर ११०००, शेवटचा बिट ०, पहिली केबल. पण ११, १३ आणि १५ हे तिघंही दुसऱ्याच केबलवर जातील. वाटणी संवादांच्या संख्येवर होते, वजनावर होत नाही. माणसं पुष्कळ असली की सरासरीने जमून जातं.

सिस्कोच्या अनेक स्विचवर हे गणित आठ खणांत बसवलेलं असतं. दोन केबलला चार-चार खण, चार केबलला दोन-दोन. तीन केबल असतील तर तीन, तीन आणि दोन. म्हणून मोळीत दोन, चार किंवा आठ केबल बऱ्या.

आणखी एक. गणित फक्त घेणाऱ्याच्या मॅक पत्त्यावर लावलं आणि सगळ्यांची पॅकेट एकाच राउटरकडे चालली असतील, तर तो पत्ता सर्वांचा एकच. सगळी गर्दी एका केबलवर! जिथे जमेल तिथे दोन्ही बाजूंचे आयपी पत्ते धरा.

एक केबल गेली तर?

भारवाटपाच्या आनंदात हा प्रश्न मागे पडतो. वरच्या उदाहरणात ४८० अधिक ४४० म्हणजे ९२० मेगाबिट. एक केबल तुटली तर उरलेली कशीबशी सगळ्यांना घेऊन जाईल. पण पुढच्या वर्षी भार ७०० आणि ७०० झाला तर? रोजच्या दिवशी काहीच जाणवणार नाही. ज्या दिवशी केबल तुटेल त्या दिवशी १४०० मेगाबिटला वाट हजाराचीच. दोन केबल आहेत म्हणून निर्धास्त असलेल्यांना तेव्हा कळतं की दुसरी केबल राखीव कधीच उरली नव्हती.

नियम तिसरा: गर्दीच्या वेळचा एकूण भार एका केबलच्या ताकदीच्या आत हवा. तो पुढे गेला की नवी केबल मागायची वेळ झाली. स्टाफमधल्या मंडळींना विनंती, हा आकडा दर सत्राला लिहून ठेवावा. खरेदीच्या अर्जाला जोडायला इतका भक्कम कागद दुसरा नाही.

काही जण सोपा मार्ग काढतात: एका ट्रंकवर फक्त १० आणि ३० ला परवानगी, दुसऱ्यावर फक्त २० आणि ४० ला. वाटणी दिसायला तीच. पण केबल तुटली की त्या व्हीलॅनला दुसरी वाटच नाही. दोन्ही ट्रंकवर चारही व्हीलॅनना परवानगी द्या आणि वाट झाडाला ठरवू द्या.

झाडाच्याही काही मर्यादा असतात. नोव्हेंबर २००२ मध्ये अमेरिकेतल्या बॉस्टनच्या बेथ इस्रायल डीकॉनेस मेडिकल सेंटर या मोठ्या रुग्णालयाचं नेटवर्क सुमारे चार दिवस कोलमडत राहिलं. मूळ कारण स्पॅनिंग ट्रीचं. वर्षानुवर्षं स्विचला स्विच जोडत गेल्याने झाड प्रोटोकॉलला झेपेल त्याच्या पलीकडे वाढलं होतं. मुळातले टायमर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सात स्विच धरून ठरवलेले आहेत. त्या चार दिवसांत डॉक्टर आणि नर्स कागदावर लिहून काम करत होते, तपासण्यांचे निकाल माणसं हातोहात पोचवत होती. तिथले तेव्हाचे मुख्य माहिती अधिकारी जॉन हॅलम्का यांनी नंतर हा प्रकार लपवला नाही. इतरांनी शिकावं म्हणून जाहीरपणे सांगितला. नेटवर्कची नवी रचना झाली. ही घटना प्रत्येक इंजिनिअरने वाचावी अशी आहे.

आता खोलीतलं बोलू

क आणि ख कितीही नीट बसवा, सगळं आडवं करायला खोलीतली दीड मीटरची केबल पुरते. कोणीतरी स्वस्तातला छोटा स्विच आणतो, आवरताना केबलचं मोकळं टोक दिसतं आणि तो ते त्याच स्विचमध्ये खुपसतो. झाला लूप. त्याच्या नावाने बोटं मोडण्यापेक्षा पोर्टवर बंदोबस्त करा. खोल्यांकडे जाणाऱ्या प्रत्येक पोर्टवर पोर्टफास्ट आणि सोबत बीपीडीयू गार्ड लावा. ग ने सोडलेला बीपीडीयू त्या छोट्या स्विचमधून फिरून परत आला, की गार्ड तो पोर्ट लगेच बंद करतो. एका खोलीचं नेट जातं, होस्टेलचं वाचतं. जोडीला स्टॉर्म कंट्रोलही असावा. पण ट्रंकवर बीपीडीयू गार्ड लावू नका, नाहीतर आपणच आपली केबल बंद कराल.

आजच्या मोठ्या डेटा सेंटरमध्ये झाडाऐवजी स्विचमधून स्विचपर्यंत आयपी राउटिंग चालतं आणि समान अंतराच्या सगळ्या वाटा एकाच वेळी वापरल्या जातात. तिथेही संवादांची वाटणी पत्त्यांच्या गणितानेच होते. म्हणजे वर केलेला एक्सऑर वाया जाणार नाही.

करून बघा

खऱ्या स्विचची गरज नाही. पॅकेट ट्रेसरमध्ये तीन स्विच घ्या, त्यातले क आणि ख थर तीनचे, आणि या क्रमाने जा.

पहिलं, काहीही न लिहिता तिन्ही जोडा आणि शो स्पॅनिंग-ट्री देऊन मुखिया कोण झाला ते बघा. जो झाला तो का झाला, हे मॅक पत्त्यावरून शोधा.

दुसरं, व्हीलॅन आणि ट्रंक करा, वरच्या प्रायॉरिटी द्या. शो स्पॅनिंग-ट्री व्हीलॅन १० आणि मग २० बघा. ग वर बंद पोर्ट बदललेला दिसला पाहिजे.

तिसरं, एचएसआरपी बसवा. शो स्टँडबाय ब्रीफ मध्ये प्रत्येक व्हीलॅनचा ॲक्टिव्ह स्विच आणि मुखिया यांची जोडी जुळवा.

चौथं, मधली मोळी बांधा आणि शो इथरचॅनेल समरी बघा.

पाचवं आणि सगळ्यात महत्त्वाचं: ए ब्लॉकच्या कॉम्प्युटरवरून पिंग चालू ठेवा आणि ग ते क केबल काढा. किती पिंग हुकले ते मोजा. केबल परत लावा, पुन्हा मोजा. मग क बंद करून बघा.

खऱ्या नेटवर्कवर हीच चाचणी सुट्टीत, सूचना लावून आणि संगणक केंद्राच्या सरांना सोबत घेऊन वर्षातून एकदा तरी व्हावी. कधीच ओढून न पाहिलेली केबल राखीव आहे की नुसती लटकलेली, हे कोणालाच सांगता येत नाही.

या वेळी जिन्यावरून "नेट गेलं का रे?" अशी हाक आली, तर ओरडणाऱ्याला बोलवा, वही उघडा आणि त्रिकोण काढून विचारा: आपल्या व्हीलॅनचा मुखिया कोण, गेटवे कोण, आणि आज भार किती? तिन्ही उत्तरं मिळाली, तर अर्धा बिघाड सापडला म्हणून समजा. उरलेल्या अर्ध्यासाठी संगणक केंद्र आहेच.